मटण सोडलं तरी रात्री अंगावर पित्त उठतंय? मग खाऊचं पाकीट तपासा

मी डॉक्टर नाही. नॉर्थ कॅरोलायनात राहते. नवऱ्याला गोचीड चावल्यामुळे अल्फा-गॅलची अ‍ॅलर्जी झाली आहे, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या मांसाची: बोकड, मेंढी, गाय, डुक्कर, हरीण, सगळं बंद. कोंबडी, मासे, अंडी चालतात. गेल्या पाच वर्षांत आमच्या घरी आणि मंडळातल्या आणखी दोन घरी मी एकच बिघाड पुन्हा पुन्हा शोधून काढला आहे. मांस पूर्ण बंद केलेलं असतं, तरीही महिन्या-दोन महिन्यांनी मध्यरात्री त्रास होतोच. जवळपास दर वेळी चोर गोडाच्या डब्यात सापडला. मंडळात आता मला ‘पाकीटवाली काकू’ म्हणतात, म्हणू देत.

आत्ता त्रास चालू असेल तर पुढचं वाचू नका

घसा आवळल्यासारखा वाटतोय, आवाज बसलाय, श्वास लागतोय, ओठ-जीभ सुजलीय, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येतेय, किंवा अंगावर गांधी आणि जोडीला उलट्या, असं काही असेल तर हातातलं पाकीट खाली ठेवा. एपिनेफ्रिनचं (म्हणजे अ‍ॅड्रेनालिनचं) इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या आणि ९११ ला फोन करा. भारतात असाल तर ११२ किंवा १०८. इंजेक्शननंतर दहा मिनिटांत बरं वाटू लागलं तरी हॉस्पिटलात जायचंच, कारण औषधाचा अंमल उतरल्यावर दुसरी लाट येऊ शकते. पाकीट कुठे पळून जात नाही, ते उद्या वाचता येईल.

लक्षणं कशी ओळखायची

आमच्याकडे सुरुवात तळहातांच्या खाजेपासून होते. मग कमरेला, जिथे पायजम्याची नाडी असते तिथे, गांधी उठतात. अर्ध्या तासात पाठ, पोट, मांड्या. आपल्याकडे याला सरळ ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि आमसुलाचं पाणी देतात. मीही स्टीलच्या पेल्यात आमसुलं कुस्करून दोन-तीनदा दिलंय. त्याने नुकसान काही झालं नाही, उपयोगही झाला नाही.

मंडळातल्या एका ताईंना अंगावर काहीच उठत नाही. त्यांना फक्त पोटात मुरडा, जुलाब आणि उलटी. वर्षभर त्यांचं निदान ‘अ‍ॅसिडिटी’ असंच होत राहिलं. अशा फक्त पोटाच्या रुग्णांचं निदान बरेचदा उशिरा होतं, कारण बाहेरून दिसण्यासारखं काही नसतं. तेव्हा पित्त उठलं नाही म्हणून ही अ‍ॅलर्जी नाही असं समजू नका.

आणखी दोन खुणा. एक, त्रास खाल्ल्या खाल्ल्या होत नाही, दोन ते सहा तासांनी होतो. म्हणून तो बरेचदा झोपेतून उठवतो. दुसरी खूण सगळ्यात गोंधळात टाकणारी: तोच पदार्थ एकदा पचतो, एकदा पचत नाही.

पहिली तपासणी: घड्याळ उलटं फिरवा (फुकट)

निदान मार्चमध्ये झालं. मटण त्याच दिवशी बंद. सात महिने सगळं सुरळीत, आणि हॅलोवीनच्या (३१ ऑक्टोबर, मुलं घरोघर खाऊ मागत फिरतात) रात्री दोन वाजता नवरा बाथटबच्या काठावर बसून तळहात खाजवतोय. जेवणात काय होतं? वरण-भात, वांग्याची भाजी, ताक. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर ताबडतोब निकाल दिला, “वांगंच बाधलं असणार.” आम्ही दोन महिने वांगं घरात आणलं नाही. बिचारं वांगं.

खरा प्रकार असा होता की रात्री साडेनऊला मुलीच्या पिशवीतल्या मुरमुऱ्याच्या वड्या त्याने तीन-चार खाल्ल्या होत्या. अमेरिकेत कुरमुरे मार्शमॅलोच्या (मऊ, स्पंजासारख्या गोड गोळ्या) पाकात घोळवून चौकोनी वड्या पाडतात. दिसायला आपली कुरमुऱ्याची चिक्की. यात मांसाचा संबंध काय, असं वाटून कुणी नावही घेतलं नाही. पण मार्शमॅलो म्हणजे जिलेटिन, आणि जिलेटिन म्हणजे डुकराची कातडी किंवा गाईगुरांची कातडी-हाडं उकळून काढलेला पदार्थ. साडेनऊ ते दोन, साडेचार तास. अगदी वेळेवर.

आपली सवय असते शेवटच्या घासाला दोष द्यायची. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी काही मिनिटांत दिसते, तिथे ती सवय चालते. इथे ती नेमकी चुकीच्या माणसाला पकडते. अल्फा-गॅल ही प्रथिनांना आणि चरबीला चिकटलेली एक साखर आहे. चरबी पचून रक्तात उतरायला वेळ लागतो म्हणून हा उशीर होतो असं मानलं जातं.

म्हणून पहिलं काम: एक वही. त्रास सुरू झाल्याची वेळ लिहायची, तिथून दोन तास मागे आणि सहा तास मागे रेघ मारायची, आणि त्या चार तासांच्या खिडकीत तोंडात गेलेलं सगळं लिहायचं. जेवण तर लिहालच. ऑफिसच्या टेबलावरची एक गोळी, मुलाचं उष्टं चॉकलेट, खोकल्याची गोळी, च्युइंगगम, प्रसाद हेही लिहा. नवऱ्याला ‘काय खाल्लंस’ विचारलं की तो ‘काही नाही’ म्हणतो. ‘तोंडात काय टाकलंस’ विचारलं की यादी येते.

त्याच पानावर आणखी तीन गोष्टी: त्या दिवशी दारू घेतली होती का, भरपूर व्यायाम झाला होता का, आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी घेतली होती का. या तीन गोष्टी अ‍ॅलर्जीची पायरी खाली आणतात. एरवी न बाधणारा डोस त्या दिवशी बाधतो. याचं उदाहरण पेढ्यांच्या वेळी येईलच.

दुसरी तपासणी: बोटांनी दाबून बघा (फुकट)

पाकीट वाचायच्या आधी पदार्थ चिमटीत धरा. दाबला की परत फुगतो, ताणला की रबरासारखा ताणतो, चावताना दातांना उसळी देतो, असं असेल तर जिलेटिनचा संशय घ्या. गमी बेअर (अस्वलाच्या आकाराच्या रबरी गोळ्या), मार्शमॅलो, जेलीचे तुकडे, चघळायच्या फळांच्या गोळ्या या वर्गात येतात. फुगवून हलक्या केलेल्या, तोंडात विरघळणाऱ्या मूससारख्या गोडातही ते असतं.

ही फक्त संशयिताची ओळख आहे, निकाल नाही. आपला मुंबईचा कराची हलवा रबरासारखा असतो, पण तो कॉर्नफ्लॉवरमुळे. गोव्याच्या मैत्रिणीने आणलेलं दोदोल दातांना चिकटतं, ते तांदळाचं पीठ, नारळ आणि गुळामुळे. जेलीसारखं काही चायना ग्रासचं किंवा पेक्टिनचंही असू शकतं. चायना ग्रास समुद्रशेवाळापासून आणि पेक्टिन फळांपासून मिळतं.

उलटही खरं आहे. कडक, कोरड्या दिसणाऱ्या डबीतल्या पेपरमिंटच्या गोळ्या, हॅलोवीनच्या त्रिकोणी कँडी कॉर्नचे दाणे, साखरेचा थर दिलेली नाश्त्याची सिरियल, वर गोड मुलामा असलेल्या पेस्ट्रीच्या वड्या यांत जिलेटिन निघालेलं मी स्वतः वाचलं आहे. दाबून यातलं काही कळलं नसतं.

तिसरी तपासणी: पाकिटाची मागची बाजू, पण योग्य ओळ (फुकट, चष्मा लागतो)

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. अमेरिकन पाकिटावर घटकांच्या यादीखाली बरेचदा ठळक अक्षरांत ‘कंटेन्स’ (‘यात आहे’) अशी एक ओळ असते: दूध, गहू, सोया वगैरे. लोक तेवढीच वाचतात आणि पाकीट पिशवीत टाकतात.

ती ओळ आपल्यासाठी नाही. अमेरिकेचा अ‍ॅलर्जी लेबलचा कायदा २००४ चा, २००६ पासून लागू. त्यात आठ पदार्थ होते: दूध, अंडी, मासे, कवचवाले जलचर, झाडावरचे नट्स, शेंगदाणे, गहू, सोया. १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा आला. गाय, डुक्कर, मेंढी त्या यादीत नाहीत. म्हणजे डुकराच्या जिलेटिनने भरलेल्या पाकिटावर ‘कंटेन्स’ची ओळ पूर्ण रिकामी असू शकते, आणि त्यात बेकायदा काही नाही. यादीत नुसतं ‘जिलेटिन’ लिहिलं की काम झालं, ते कोणत्या प्राण्याचं हे सांगायची सक्ती नाही. माशाचं असेल तर मात्र मासा अ‍ॅलर्जीच्या यादीत असल्यामुळे ते लिहावं लागतं. म्हणून माझा नियम: नुसतं ‘जिलेटिन’ दिसलं आणि कुठेही मासा लिहिलेला नाही, तर ते सस्तन प्राण्याचं धरायचं.

आता घटकांची पूर्ण यादी वाचताना मी शब्दांचे तीन ढीग करते.

पहिल्या ढिगात जे दिसलं की पाकीट परत फडताळावर: जिलेटिन, लार्ड म्हणजे डुकराची चरबी, टॅलो म्हणजे गुराची चरबी, सूएट म्हणजे गुर्द्याभोवतीची चरबी, कोलॅजन. लार्ड मेक्सिकन बेकरीतल्या बिस्किटांत आणि जुन्या पद्धतीच्या पायच्या कवचात हमखास सापडतं. नानकटाईसारखं काही खुसखुशीत दिसलं की आपला हात पटकन पुढे जातो, तिथे जपा.

दुसऱ्या ढिगात दुधाचं सगळं: मिल्क फॅट, व्हे, केसीन, क्रीम. हा ढीग वेगळा का ठेवायचा ते पेढ्यांपाशी सांगते.

तिसऱ्या ढिगात ‘माहीत नाही’ वाले: नॅचरल फ्लेवर्स, ग्लिसरीन, मोनो आणि डायग्लिसराइड्स, स्टिअरिक अ‍ॅसिड, मॅग्नेशियम स्टिअरेट. हे वनस्पतीपासूनही बनतात, जनावराच्या चरबीपासूनही. नॅचरल फ्लेवर या शब्दाखाली अमेरिकन नियमानुसार मांसापासून काढलेला स्वादही बसतो. पण घाबरून जाऊ नका. प्रमाण फार थोडं असतं आणि बऱ्याच रुग्णांना यांचा त्रास होत नाही. आमच्याकडेही होत नाही. पहिल्याच दिवशी हा तिसरा ढीग बंद केलात तर घरात खायला काही उरणार नाही, आणि माणूस वैतागून चौथ्या दिवशी मार्शमॅलो खाईल. आधी पहिला ढीग काढा. वहीत त्रास थांबला तर तिसऱ्या ढिगाच्या वाटेला जाऊच नका.

कॅराजीनन समुद्रशेवाळाचं असतं, तरी काही अल्फा-गॅल रुग्णांना ते बाधतं, कारण त्याच्या रचनेत तशीच साखरेची जोडणी आहे. पुडिंग, चॉकलेट दूध, काही ‘शाकाहारी’ जेलींमध्ये ते असतं.

आणि ज्यांना उगाच फाशी दिली जाते ते: कन्फेक्शनर्स ग्लेझ म्हणजे लाख, ती किड्याची. कारमाइनचा लाल रंग, तोही किड्याचा. मेण मधमाशीचं. शाकाहारी माणसाला हे नको असेल, पण या अ‍ॅलर्जीशी त्यांचा संबंध नाही. कोको बटर कोकोच्या बियांचं तेल आहे, पीनट बटर शेंगदाण्याचं, क्रीम ऑफ टार्टर द्राक्षाच्या रसातून येतं. नावातलं ‘बटर’ आणि ‘क्रीम’ बघून मीही सुरुवातीला चांगली चांगली पाकिटं परत ठेवलीत.

छोट्या पुड्यांचं एक सांगायलाच हवं. हॅलोवीनला मुलांना मिळतात त्या चिमुकल्या पुड्यांवर बरेचदा घटक छापलेलेच नसतात, ते मोठ्या पिशवीवर असतात आणि मोठी पिशवी शेजाऱ्यांच्या कचऱ्यात. शिवाय छोट्या आकाराच्या आवृत्तीची कृती मोठ्या पाकिटापेक्षा वेगळी असू शकते. यादी नाही तर खाणं नाही, इतकं सोपं ठेवा. देशागणिकही कृती बदलते: स्टारबर्स्टच्या अमेरिकेतल्या गोळ्यांत जिलेटिन असतं, ब्रिटनमधल्यांत नसतं. लंडनच्या मावशीने ‘आमच्याकडे चालतं’ सांगितलं तरी आपल्या हातातलं पाकीट वाचायचं.

चौथी तपासणी: शिक्के (फुकट, पण अर्धवट माहितीने महाग पडते)

इंडियन स्टोअरमधून आणलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर आपलं मोठं काम झालं. भारताच्या नियमाप्रमाणे जिलेटिन किंवा प्राण्याची चरबी असलेल्या पदार्थाला हिरवा ठिपका मिळत नाही, त्याला तपकिरी खूण लागते. पूर्वी ती चौकटीतला गोल ठिपका होती, आता त्रिकोण आहे. ‘मोनो-डायग्लिसराइड कुठलं’ हा अमेरिकन पाकिटावरचा छळ हिरव्या ठिपक्याच्या पाकिटावर संपतो. मात्र हिरव्या ठिपक्यात दूध चालतं. आणि न्यू जर्सीत बनलेल्या ‘इंडियन’ मिठाईवर तो ठिपका असेलच असं नाही. डबा भारतीय दिसतो म्हणून नियम भारतीय लागू होत नाहीत.

वीगन लिहिलेलं असेल तर जिलेटिन, चरबी आणि दूध तिन्ही जायला हवेत. अमेरिकेत या शब्दाची सरकारी व्याख्या नाही, म्हणून मी नुसत्या शब्दापेक्षा प्रमाणपत्राचा शिक्का बघते.

हलाल हा सर्वात फसवा शिक्का, त्यात शिक्क्याची चूक काही नाही. तो डुक्कर नाही एवढं सांगतो. हलाल गमीत बहुतेक वेळा गाईगुरांचं जिलेटिन असतं, आणि या अ‍ॅलर्जीला गाय काय, डुक्कर काय, सारखंच. मंडळातले एक काका ‘हलाल आहे, चालेल’ म्हणून अख्खं पाकीट संपवून बसले होते. रात्री एकला फोन.

कोशरचंही, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या नियमांच्या शिक्क्याचंही तसंच. ‘पारेव’ म्हणजे मांस-दुधाच्या वर्गात न बसणारं, असा अर्थ वाचून मला आनंद झाला होता. पण कोशर पद्धतीने काढलेलं गुराचं जिलेटिनही पारेव मानलं जाऊ शकतं. कोशर शिक्क्यासोबत माशाचं जिलेटिन स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पाकीट टोपलीत.

पाचवी तपासणी: पेढे, बर्फी आणि दुधाचा प्रश्न (वेळखाऊ)

या अ‍ॅलर्जीच्या बहुतेक लोकांना दूध-दही चालतं. सगळ्यांना नाही. दुधातही अल्फा-गॅल असतं, आणि जितकी चरबी जास्त तितका धोका जास्त, म्हणजे ताकापेक्षा आइस्क्रीम, आइस्क्रीमपेक्षा बासुंदी-खवा. आपली मिठाई ही आटवलेल्या दुधाची मिठाई आहे, त्यामुळे अमेरिकन डॉक्टरांनी ‘डेअरी ठीक आहे’ म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चहातलं दूध होतं. कंदी पेढा नव्हता.

गणपतीतली गोष्ट. साताऱ्याहून आलेले कंदी पेढे, डब्यावर हिरवा ठिपका, सगळं निर्धास्त. एरवी नवरा एखाद-दुसरा पेढा खातो आणि काही होत नाही. त्या दिवशी विसर्जनाला दोन तास ढोल वाजवला, खांदा दुखला म्हणून आयबुप्रोफेन घेतली, आणि भुकेल्या पोटी पाच पेढे. रात्री बाराला पाठभर गांधी. वहीत हे सगळं एका पानावर होतं म्हणून डॉक्टरांना दाखवता आलं. त्यांनी पेढा बंद केला नाही. व्यायाम, दुखण्याची गोळी आणि खव्याचं गोड एका दिवशी आणायचं नाही, असं सांगितलं. तेव्हापासून तो दिवस पुन्हा आला नाही.

दूध स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नका. विशेषतः मुलांचं आणि शाकाहारी माणसांचं. आधी पहिल्या ढिगातल्या वस्तू घरातून जाऊ देत, आठ-दहा आठवडे वही लिहा. तरीही खवा-आइस्क्रीमच्या रात्रीच त्रास होत असेल तर ती पानं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दुधाचा निर्णय तिथे होऊ द्या.

वर्खाबद्दल विचारणा होते. चांदीचा वर्ख पारंपरिक पद्धतीत जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांमध्ये ठेवून कुटतात. आता यंत्राचाही मिळतो. आम्ही काजूकतली बिनवर्खाची मागवतो. चवीत काडीचा फरक नाही.

सहावी तपासणी: कंपनीला विचारा (फुकट, पण संयम लागतो)

वहीत एकच पाकीट पुन्हा पुन्हा येतंय आणि त्यावर फक्त तिसऱ्या ढिगातले शब्द आहेत, तेव्हाच हे करा. पाकिटावर ग्राहकसेवेचा नंबर असतो. फोनवर ‘अल्फा-गॅल’ म्हणू नका. पलीकडच्या माणसाला ते कळत नाही आणि तो ‘आम्ही हमी देऊ शकत नाही’ हे छापील वाक्य वाचतो. नेमकं विचारा: नॅचरल फ्लेवर, ग्लिसरीन, डायग्लिसराइड यांचा स्रोत वनस्पती, सस्तन प्राणी, पक्षी की मासा? त्याच यंत्रावर जिलेटिनचा माल बनतो का? उत्तर ईमेलवर मागा आणि पाकिटावरच्या लॉट नंबरसकट जपून ठेवा, कारण कृती बदलते. ‘नवी चव’, ‘आता आणखी मऊ’ असं पुढे छापलेलं दिसलं की जुनं उत्तर बाद.

सातवी तपासणी: गोडाच्या वेषातली औषधं

हे बहुतेकांच्या वहीत नसतंच. व्हिटॅमिनच्या गमी जिलेटिनच्याच असू शकतात, आणि त्या रोज घेतल्या जातात. खोकल्याच्या मऊ गोळ्या, चघळायच्या अँटासिड, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. आत मासा असतो, बाहेरचं कवच सहसा जिलेटिनचं. आणि विनोद म्हणजे अ‍ॅलर्जीवरचंच औषध पारदर्शक मऊ कॅप्सूलमध्ये मिळतं, तिचंही कवच सामान्यतः जिलेटिनचं. आमच्या औषधांच्या कपाटात ती बाटली दीड वर्ष होती. फार्मसीच्या खिडकीशी जाऊन ‘याच औषधाची जिलेटिन नसलेली साधी गोळी किंवा पातळ औषध आहे का’ असं विचारलं की फार्मासिस्ट घटक तपासून देतात, पैसे पडत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध मात्र कवचाच्या भीतीने आपणहून बंद करायचं नाही.

इथे थांबा, पुढचं काम तुमचं नाही

घरी चाचणी करायची नाही. ‘एक गमी खाऊन बघू, काय होतंय’ हा प्रयोग मी दोन घरांत ऐनवेळी थांबवलाय. आजवर फक्त खाजच आली म्हणून पुढच्या वेळीही खाजच येईल याची खात्री नसते. आणि परिणाम चार तासांनी, म्हणजे सगळे झोपल्यावर येतो. जिलेटिनच्या गोळ्यांनी अल्फा-गॅलच्या रुग्णाला अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी) झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात २०१३ पासून आहे. थोडंसं खाऊन बघायचंच असेल तर ते अ‍ॅलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीत.

यापैकी काहीही असेल तर पाकिटं वाचणं थांबवून अ‍ॅलर्जीतज्ज्ञाची वेळ घ्या: निदान अजून झालेलंच नाही, पहिला ढीग काढून आठ-दहा आठवडे झाले तरी त्रास येतोच, एकदाही श्वास, घसा किंवा चक्कर यांचा त्रास झाला, घरात एपिनेफ्रिन नाही किंवा त्याची तारीख उलटली, रुग्ण लहान मूल, गरोदर बाई किंवा हृदयाचं औषध घेणारी व्यक्ती आहे, किंवा एखादं ऑपरेशन ठरलंय, कारण तिथेही जनावरापासून बनलेली औषधं वापरली जातात.

फॅमिली डॉक्टरांना हे नाव ठाऊक नसेल तर चिडू नका. सीडीसीने (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) २०२३ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत ४२ टक्के आरोग्यसेवकांनी या आजाराबद्दल ऐकलेलंच नव्हतं. त्याच सुमाराच्या त्यांच्या आकड्यांप्रमाणे २०१० ते २०२२ या काळात अमेरिकेत १,१०,००० हून अधिक संशयित रुग्ण सापडले, आणि बाधितांची खरी संख्या ४,५०,००० पर्यंत असू शकते. रक्ताच्या चाचणीचं नाव सरळ सांगा: अल्फा-गॅल आयजीई, म्हणजे या साखरेविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं मोजणारी. मात्र ती चाचणी पॉझिटिव्ह असून कधीच त्रास न होणारी माणसंही असतात, म्हणून कागद आणि वही दोन्ही लागतात.

आणि गोचीड. हे सगळं सुरू होतं गोचिडीच्या चाव्याने. आमच्या भागात ती लोन स्टार जातीची, मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका. नवऱ्याला ती मागच्या अंगणात गवत कापताना चावली, घोट्यावरची ती जागा तीन आठवडे खाजत होती. नवे चावे टळले तर काही वर्षांत रक्तातला आयजीईचा आकडा उतरू शकतो, पुन्हा चावली की तो वर चढतो. त्यामुळे पाकिटं सगळी स्वच्छ निघूनही त्रास अचानक वाढला तर घोटे, गुडघ्यांमागे, कमरेची पट्टी, काखा बघा. गवतात जाताना पँटचे पाय मोज्यांत खोचा, कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन (कीटकनाशक) मारा. ते कपड्यांसाठी आहे, अंगाला लावायचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना वही, औषधांची यादी आणि रॅपर्स न्या. रॅपर फेकू नका, झिपलॉकमध्ये घाला आणि वर तारीख, खाल्ल्याची वेळ, त्रासाची वेळ लिहा. फोटो काढलात तर घटकांची यादी आणि लॉट नंबर दोन्ही वाचता येतील असा काढा. पहिल्यांदा मी पाकिटाच्या पुढच्या बाजूचेच फोटो काढून नेले होते. तज्ज्ञबाईंनी फोन हातात घेतला, चार-पाच रंगीत अस्वलं पाहिली आणि शांतपणे विचारलं, “मागची बाजू?”